उजव्या खांद्यावरचा पदर

१

तंग तुटलेला नव्हता. कापलेला होता.

फौजदार सीताराम मोहित्यांनी तो चामड्याचा पट्टा उन्हात धरून दोनदा फिरवला. उंटाच्या पोटाखालून घेऊन खोगीर आवळायचा हा पट्टा चांगला तीन बोटं रुंद होता. त्यातली दोन बोटं डाव्या अंगाला, खोगिराच्या झालरीखाली, धारदार पात्यानं सरळ कापलेली होती. उरलेलं एक बोट उंट भरधाव सुटल्यावर फाटलं होतं.

पलीकडे मढच्या किनाऱ्यावरच्या काळ्या कातळाशेजारी चादरीखाली माणिक निजला होता. चोवीस वर्षांचा पोरगा, खोगिरासकट कातळावर आदळून गेलेला. पाऊण तासापूर्वी तो राणी नावाच्या सांडणीवर बसून हसत होता, आणि त्याच्या मागं बारा पावलांवर उभं राहून शिवदास खरातनं त्याचा फोटो काढला होता.

हा शिवदास भांडुपचा. कांजूरमार्गच्या एका कारखान्यात टर्नर. सहा दिवस लोखंड कातायचं आणि रविवारी गळ्यात जुना रशियन कॅमेरा अडकवून बाहेर पडायचं, हा त्याचा आठ वर्षांचा नेम. बायको लता त्या कॅमेऱ्याला 'माझी सवत' म्हणायची, पण त्याच सवतीसाठी तिनं स्वयंपाकघराचा अर्धा ओटा दिला होता. मुलुंडच्या हौशी मंडळींच्या प्रदर्शनाला यंदा विषय होता 'वेग'. मढला सिनेमावाल्यांनी वाळूत राजस्थान उभारायला उंट आणलेत, हिरो आला नाही म्हणून शूटिंग अडलंय आणि गावातलं मंडळ रविवारी उंटांची शर्यत लावतंय, असं कुणीतरी सांगितलं. शिवदास सकाळीच वर्सोव्याहून तरीत बसून पलीकडे उतरला. पंचाऐंशी सालातला जानेवारी होता, हवा झकास होती, आणि एवढं देखणं काही त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं.

आता त्यानं कॅमेऱ्याच्या भिंगावर टोपण बसवलं होतं.

"निशाण पडायच्या आधी माणिकनं स्वतः तंग तपासला होता, दोन्ही अंगांनी," मोहिते म्हणाले. "चार उंटवाल्यांनी बघितलंय. मग तो वर बसला. त्यानंतर तंगाला हात लागले दोघांचेच."

त्या दोघांत एक होता गुणाजी घाडी. मूळचा मालवणकडचा, परळच्या गिरणीत बावीस वर्षं साचे चालवलेला. संप फिसकटला, गिरणी उघडली ती त्याच्याशिवाय, आणि पोट त्याला मढच्या उंटांपाशी घेऊन आलं. राणीची देखभाल त्याच्याकडे होती. दुसरा चंद्रप्रकाश, दुसऱ्या उंटाचा स्वार, सिनेमात हिरोच्या कपड्यांत दौडणारा. शर्यतीत दगाफटका नको म्हणून गुणाजीनंच नियम घातला होता: बसलेल्या उंटाचा तंग एका अंगानं घरच्या माणसानं आवळायचा, दुसऱ्या अंगानं प्रतिस्पर्ध्यानं. दगा टाळायला केलेल्या नियमातूनच दगा आत शिरला होता.

"डाव्या अंगाला कोण होतं?" मोहित्यांनी विचारलं.

गुणाजीनं चंद्रप्रकाशकडे बोट दाखवलं. चंद्रप्रकाशनं गुणाजीकडे.

गर्दी सगळी शेवटच्या टोकाला, मैलभर लांब. बाकीचे स्वार आपापल्या उंटाच्या नाकातल्या दोरीत गुंतलेले. मोहित्यांची नजर फिरत फिरत शिवदासच्या गळ्यातल्या कॅमेऱ्यावर येऊन थांबली.

२

शिवदासला खरंच आठवत नव्हतं. कॅमेऱ्याच्या भिंगातून तो फक्त माणिकची पाठ आणि मागं वळलेला हसरा चेहरा बघत होता. खाली कोण कुठं वाकलंय याकडे कुणाचं लक्ष असतं? पण त्याची एक श्रद्धा होती, आणि ती त्यानं मोहित्यांना छातीठोकपणे सांगितली. "साहेब, माणसाची नजर चुकेल. फोटो खोटं बोलत नाही."

सोमवारी रजा टाकून, खिडकीला घोंगडी ठोकून त्यानं रोल धुतला. सव्वीस नंबरची चौकट तीच होती. एरवी फिल्म फोटो मोठा करायच्या यंत्रात सरकवण्याआधी तिचा कोपरा तो ओलसर ओठाला लावून बघायचा. रसायनाचा थर असलेली बाजू ओठाला किंचित चिकटते आणि ती खाली ठेवायची असते. उस्तादानं शिकवलेली युक्ती, आठ वर्षांत एकदा चुकली नव्हती. पण त्या दिवशी फिल्म ओठाजवळ नेली आणि हात अडला. आत माणिक हसत होता. कालच गेलेल्या माणसाचं चित्र तोंडाला लावायला त्याचं मन धजेना. लाल दिव्याच्या उजेडात त्यानं फिल्म तशीच सरकवली, मधला भाग मोठा केला आणि फोटो काढला.

फोटोत उंट पाठमोरा बसलेला. वर माणिक. डावीकडे पांढरी टोपी घातलेला गुणाजी तंगावर वाकलेला, उजवीकडे चौकड्यांच्या शर्टातला चंद्रप्रकाश. गुणाजीच्या पलीकडे थोडी लांब एक बाई, उन्हाला हात आडवा धरलेली. हाताच्या सावलीत तिचं तोंड काळवंडून गेलेलं.

मोहित्यांनी फोटो बघितला, गुणाजी आणि चंद्रप्रकाश दोघांपुढे धरला आणि हवालदाराला मान हलवून खूण केली.

गुणाजीला नेताना शिवदास चौकीच्या दारातच उभा होता. साठीला टेकलेला तो माणूस त्याच्यासमोर थांबला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच शिवदासला सोसलं नाही.

"झिला, मी जमनीच्या बाजूक होतंय. दर्या चंद्रप्रकाशाच्या पाठीशी होतो, माझ्या नाय. देवाशपथ सांगतंय."

मोहित्यांनी सुस्कारा टाकला. "गुणाजी, शर्यत उत्तरेकडे धावली. म्हणजे उंटाचं डावं अंग दर्याकडे. आणि डावीकडे तूच दिसतोस. शनिवारी सगळ्यांदेखत माणिकला 'तुका जित्तो ठेवचंय नाय' म्हणालास ना?"

"म्हटलंय," गुणाजी म्हणाला. "रागान म्हटलंय."

३

शुक्रवारी संध्याकाळी भांडुपच्या चाळीत शिवदासच्या दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. विशीची, डोळे जागरणानं सुजलेले.

"मी शकु. गुणाजी घाडींची मुलगी."

लतानं तिला आत घेतलं, पाणी दिलं. तिनं पेल्याला हात लावला नाही.

"माणिकचं आणि माझं जमलं होतं," ती शिवदासला म्हणाली. "बाबा म्हणायचे, उंटावरनं उड्या मारणाऱ्याला पोरगी देणार नाही, आधी धड नोकरी बघ. त्यावरून शनिवारी भांडण झालं. पण रविवारी पहाटे बाबांनीच त्याला चहा पाजला आणि म्हणाले, जीव सांभाळून रे. हे कुणाच्या फोटोत आलंय का?"

शिवदासनं खुर्ची पुढं सरकवली. ती उभीच राहिली.

"माझी आई तिथंच उभी होती. बाबांच्या समोर. त्यांच्या दोन्ही हातात तंग आवळायची दोरी होती, पातं नव्हतं, हे तिनं पाहिलंय. पोलीस म्हणतात, खोटं बोलते, फोटोत ती नाहीच. तिच्या जागी कोणतरी गुजराती बाई आहे. पदर उजव्या खांद्यावर. त्या दिवशी घाटकोपरच्या बायकांची सहल आली होती, त्यातली असेल म्हणतात."

"मग त्या बाईला शोधतायत ना?"

"कशाला शोधतील? त्यांचं काम झालं. सोमवारी कोठडी संपतेय, बाबांना पुन्हा कोर्टात उभं करणार." ती दाराकडे वळली. "एक माणूस शर्यतीनं नेला माझा. दुसरा तुमच्या फोटोनं."

ती गेली. लतानं चुलीवरची भाजी उतरवली आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, फोटो तुम्ही काढलात ना? मग बाई पण तुम्हीच शोधा."

४

शनिवारी शिवदास पुन्हा तरीत बसला. मढच्या गावकुसाला दोन खणांच्या झोपडीत जानकी एकटीच बसली होती. फोटो तिनं हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"ह्यो माझो घो. ह्यो चंद्रप्रकाश. पण ही बाई कोण ती मी बघूक नाय. थय मीच उभी होतंय, दुसरा कोणीच नव्हता. ऊन डोळ्यांवर येत होता, तरी मी बघलंय. तेच्या हातात दोरी होती, बाबा. माझा कोणच ऐकना नाय."

तिनं डोळ्याला पदर लावला. शिवदास तिच्याकडे बघत राहिला. बाई खोटं बोलत असेल तर इतकं साधं खोटं कशाला बोलेल? चार पावलं मागं होते म्हणाली असती तरी चाललं असतं.

शूटिंगच्या बंगल्यामागं चंद्रप्रकाश उंटाला चारा घालत होता. डोक्यावर झगझगीत निळा फेटा आणि अंगावर हिरोचा अंगरखा. अडलेलं शूटिंग सुरू झालं होतं.

"तुम्ही त्या दिवशी कुठल्या बाजूला होता?" शिवदासनं विचारलं.

"फोटोत काय दिसतंय?"

"उजवीकडे."

"मग उजवीकडे. फोटो तुझाच ना यार? मला काय विचारतो?"

"तुम्हाला आठवत असेल ना."

"आठवायची गरज काय? फोटो आहे ना." त्यानं चाऱ्याची पेंढी आपटली. "आता सोड ना विषय. म्हाताऱ्यानं रागात केलं. वाट लागली बिचाऱ्याची, मला पण वाईट वाटतं."

"मी त्या बाईला शोधतोय. गुजराती बाई, गुणाजीकाकांच्या पलीकडे उभी होती ती. तिनं तुम्हा दोघांनाही बघितलं असणार."

"कोण गुजराती?" चंद्रप्रकाश फाडकन बोलून गेला. "तिथं जानकीमावशी सोडून कोण बाईमाणूस नव्हतं."

पेंढीतून काडी उपसून चावायला लागला. मग म्हणाला, "असेल कोण. माझं लक्ष नव्हतं."

परतीच्या तरीत शिवदासचं डोकं भणभणत होतं. जानकी म्हणते, मी होते. तिच्या नवऱ्याच्या विरुद्ध साक्ष देणारा माणूसही म्हणतो, तीच होती. आणि फोटोत ती नाही. जी होती ती फोटोत नाही, आणि जी फोटोत आहे ती तिथं नव्हती. फोटो खोटं बोलत नाही, असं मोठ्या तोंडानं सांगून बसलेल्या माणसानं आता करावं काय?

५

रविवारी घाटकोपर. सहल नेणाऱ्या महिला मंडळाच्या हंसाबेन तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. त्यांनी चष्मा पुसला, फोटो घेतला आणि क्षणात परत दिला.

"आमच्यातली नथी. आमी तो पुळणीच्या दुसऱ्या टोकाला होते, समदे. आणि भाई, ही गुजरातण कोण बोलला तुमाला?"

"पदर उजव्या खांद्यावर आहे ना, म्हणून..."

"पदर उजवा म्हंजे गुजरातण?" हंसाबेन हसल्या, पण हसू लगेच आवरलं. त्या उठून उभ्या राहिल्या. "हे जुओ. आमचा पदर पाठीमागून येते, उजव्या खांद्यावरून पुढे उतरते, छातीवर पसरते. हिचा पदर पुढून वर जाते आणि मागे पडते. ही तुमच्यासारखी नेसते, मराठी बाई. पण उलट्या खांद्यावर. असा तर कोणच नाय नेसत. आंधळी पण नाय नेसनार."

शिवदासनं सरबताचा पेला खाली ठेवला आणि फोटो पुन्हा हातात घेतला.

उलट्या खांद्यावर.

त्याला घोंगडी लावलेली खिडकी आठवली. लाल दिवा. ओठापाशी अडलेला हात. हंसाबेन "भाई, तब्येत बरी छे ना?" म्हणत होत्या आणि तो चपला घालायच्या विसरून जिना उतरत होता. अर्ध्या जिन्यावरून परत आला, चपला घेतल्या, हात जोडले आणि भांडुपकडे धावला.

घरी त्यानं फिल्मची पट्टी उजेडात धरली. काठावर कंपनीनं छापलेले बारीक आकडे असतात. ते सरळ वाचता येईपर्यंत त्यानं पट्टी फिरवली. आकडे सरळ झाले, तेव्हा पांढऱ्या टोपीवाला माणूस उंटाच्या उजवीकडे गेला होता.

तो खाली जमिनीवरच बसला. "लता," तो म्हणाला, "मी एका निरपराध माणसाला आत घातलं गं."

लतानं कपाळावर हात मारला नाही की बोल लावला नाही. तिनं घोंगडी काढली आणि खिडकीला लावायला खुर्चीवर चढली.

६

सोमवारी सकाळी कोर्टाची गाडी यायच्या आधी शिवदास चौकीत पोचला. मोहित्यांनी गुणाजीला बाहेर आणलं, जानकी आणि शकु बाकावर होत्या, आणि साक्षीदार म्हणून बोलावलेला चंद्रप्रकाशही आला.

"साहेब, आधी माझा गुन्हा सांगतो," शिवदास म्हणाला. त्यानं सगळं सांगितलं, ओठाची युक्ती, अडलेला हात, उलटी पडलेली फिल्म. एक शब्द गाळला नाही.

मोहिते वैतागले. "खरात, परवा म्हणालात फोटो खोटं बोलत नाही. आज म्हणता उलटा आहे. उद्या तिसरंच सांगाल. घरी बसून उंटावरनं शेळ्या हाकू नका. हाच फोटो सुलट कशावरून?"

"मागच्या वेळी मी मधलाच भाग मोठा केला होता. आज अख्खी चौकट आणलीय." त्यानं नवा फोटो टेबलावर ठेवला. "माझं ऐकू नका. आकड्यांचंही ऐकू नका. हे बघा, कडेला समुद्र आहे. शर्यत उत्तरेकडे धावली, उंटाचं तोंड उत्तरेला. मी मागं उभा, माझंही तोंड उत्तरेला. मग मढचा समुद्र कुठल्या हाताला येईल?"

मोहित्यांनी फोटो जवळ ओढला. फोटोत समुद्र डावीकडे होता. समुद्राकडे पाठ करून उंटाच्या डाव्या अंगाला चौकड्यांचा शर्ट वाकला होता, आणि गुणाजी उजवीकडे, जमिनीच्या बाजूला.

"आणि ही बाई," शिवदासनं बोट टेकवलं.

जानकी उठून आली. वाकून बघितलं. "अगो बाय," ती पुटपुटली, "ही तर मी!" पदर आता तिच्या डाव्या खांद्यावर होता, अगदी आत्ता होता तसाच.

मोहित्यांनी फोटो खाली ठेवला आणि सावकाश चंद्रप्रकाशकडे वळले.

"मी गडबडीत विसरलो असेन साहेब," चंद्रप्रकाश म्हणाला. "डावं-उजवं लक्षात राहत नाही. तंग मी नाही कापला."

"डावं-उजवं सोड," शिवदास म्हणाला. "समुद्र पाठीशी होता की समोर, हे कुणी विसरतं का? उलटा फोटो बघून गुणाजीकाका पहिल्या क्षणी म्हणाले, हे खोटं आहे. आपण कुठं उभे होतो ते ठाऊक असलेली माणसं तुम्ही दोघंच. तूही बघितलंस, तुलाही कळलं. पण तू म्हणालास, फोटोत दिसतंय तसंच. आठवायची गरज काय? मी चुकलो, चंद्रप्रकाश. तू माझी चूक ओळखलीस आणि तिच्या आड लपलास. कापलेल्या बाजूला तू नसतास, तर लपायचं कारण काय होतं?"

मोहिते उठून दाराशी उभे राहिले. बाहेर कोळणींची टोपल्यांवरून चाललेली बाचाबाची तेवढी ऐकू येत होती.

"डायरेक्टर म्हणाला होता," चंद्रप्रकाशनं खालमानेनं सुरुवात केली, "जो जिंकेल तो हिरोच्या कपड्यात दौडेल. आठ वर्षं मी दौडलो. हाडं मोडून घेतली. आणि हा कालचा पोरगा..." त्यानं मनगटानं नाक पुसलं. "वाळूत पडेल, लोक हसतील, एवढंच होतं डोक्यात. पट्टा तिथवर तग धरेल, नेमका कातळापाशी तुटेल, हे मला काय माहीत? आईशप्पथ, मरावा असं नव्हतं."

शकु उठली. सगळ्यांना वाटलं ती त्याच्या अंगावर धावून जाईल. ती गेली ती बापाकडे. त्याच्या छातीवर डोकं ठेवून, आठ दिवस दाबून धरलेलं रडू तिनं मोकळं सोडलं.

७

गुणाजी सुटला तेव्हा दुपार टळली होती. शिवदास पायरीवर खाली मान घालून उभा होता. माफी मागायला आलेला.

"फोटो खोटो नव्हतो रे झिला," गुणाजी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "तू तो उलटो धरलंस, इतक्याच. गिरणीत आम्ही पण धरूं. कापड उलटा लागला तर अख्खो ताको फुकट जाय." मग थोडं थांबून म्हणाला, "पण आठ दिवस लय मोठे गेले रे."

शिवदासनं खिशातला प्रदर्शनाचा अर्ज काढून फाडून टाकला.

शकु निघताना त्याच्यापाशी आली. "माणिकचा एक फोटो द्याल? एकट्याचा. आमच्याकडे एकही नाही." आणि मग, जराशा भीतीनं, "सुलट द्या."

पुढच्या रविवारी शिवदासनं पुन्हा खिडकीला घोंगडी लावली. लता दाराशी बसून तांदूळ निवडत होती. त्यानं सव्वीस नंबरची पट्टी काढली, ओठ जिभेनं ओले केले आणि डोळे मिटून फिल्मचा कोपरा ओठांना लावला. थर हलकेच चिकटला. माणिक त्याच्या ओठांशी हसत होता, मागं वळून, सुलट. शिवदासनं लगेच फिल्म ओढली नाही. मग ती थराची बाजू खाली करून यंत्रात नीट ठेवली.